सुईपर्यंत पोचणारा परवाना

नागपुरात धरमपेठेत किंवा सदरमध्ये टॅटूचा स्टुडिओ काढायचा म्हटले तर कागदपत्रांची यादी फार लांब होत नाही. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, जागेचा भाडेकरार, विजेचे मीटर आणि उलाढाल मर्यादेपलीकडे गेली तर जीएसटी. त्यातला गुमास्ताही आता हलका झाला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 साली आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेवरची नोंदणीची सक्ती उठली आणि नुसती सूचना दिली तरी पुरेल असे झाले. टॅटूची बहुतेक दुकाने एकदोन माणसांवर चालतात, म्हणजे ती सगळी यातच मोडतात. या कागदांपैकी एकही कागद सुई कुठली, ती कशी निर्जंतुक केली, वापरून झाल्यावर कुठे टाकली, हे विचारत नाही. त्याच फुटपाथवर तर्री-पोह्याची गाडी लावणाऱ्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते, कारण त्याच्या हातचे लोकांच्या पोटात जाते. कातडी भेदून रक्तापर्यंत पोचणाऱ्या धंद्याला मात्र आरोग्याचा एकही प्रश्न कोणी विचारत नाही. ही उणीव भरून काढायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. महानगरपालिकेच्या हातात अधिकार आहे, तो तिने वापरावा, आणि वापरताना पाटीकडे व फरशीकडे न पाहता कामाच्या पद्धतीकडे पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे काम नेमके काय असते ते पाहिले पाहिजे, कारण नियमन कशाचे करायचे हे त्यावरच ठरते. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी सतत झडत असतात. तिथे घातलेली शाई काही आठवड्यांत निघून जाईल. गोंदण जन्मभर टिकायचे तर शाई त्याखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल उतरवावी लागते, आणि त्या थरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. यंत्राची सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारांवर वेळा आतबाहेर करते. तेव्हा रक्त येणे हा या कामातला अपघात मानता येत नाही, ते कामातच धरलेले आहे. रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंत सर्वांत चिवट हिपॅटायटिस बी. वाळलेल्या रक्ताच्या डागात, उघड्यावर, तो निदान सात दिवस तग धरतो. रुग्णालयात दूषित पोकळ सुई टोचलेल्या, लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, हिपॅटायटिस सीची सुमारे 1.8 टक्के आणि एचआयव्हीची 0.3 टक्के. टॅटूची सुई भरीव असते, तिच्यात रक्त साठत नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण त्यांतला क्रम लक्षात घ्यावा. आपल्याकडे टॅटूचा विषय निघाला की चर्चा एचआयव्हीवर जाते, आणि खरा धोका काविळीचा असतो. त्यातून बालकांच्या नियमित लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस देशभर पोचली ती 2011-12 च्या सुमारास. आज टॅटू काढून घ्यायला जाणारी विशी-पंचविशीतली पिढी त्याआधी जन्मलेली आहे, आणि तिच्यातल्या पुष्कळांना ही लस मिळालेली नाही.

आता एका बैठकीत कारागिराचा हात कुठे कुठे जातो ते पाहा. गिऱ्हाइकासमोर तो बंद पाकीट फोडून नवी सुई काढतो. गिऱ्हाईक निश्चिंत होते, कारण ‘सुई नवी आहे ना?’ एवढाच प्रश्न त्याला ठाऊक असतो. मग तो हातमोजे चढवतो, कामाला लागतो, रक्त पुसतो. मध्येच त्याच मोज्याने मोबाइलवरचे डिझाइन मोठे करून बघतो, दिव्याची मान वळवतो, साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली दाबतो. टोपणातली काळी शाई संपली की मोठी बाटली उघडून ओततो. बैठक संपते, सुई फेकली जाते. मोबाइल, दिवा, फवारा आणि शाईची बाटली पुढच्या गिऱ्हाइकासाठी तिथेच राहतात. यंत्राची पकड पुसून निळ्या प्रकाशाच्या पेटीत ठेवली जाते. त्या पेटीला बाजारात ‘स्टरिलायझर’ म्हणत असले तरी अतिनील प्रकाश वस्तूच्या सावलीतल्या भागाला आणि खाचाखोचांना शिवत नाही. ती पेटी फार तर निर्जंतुक झालेली वस्तू झाकून ठेवायला बरी. खरे निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये होते: 121 अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ, निदान पंधरा-वीस मिनिटे. पाण्यात उकळण्याने काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, हे रुग्णालयांना माहीत आहे म्हणून तिथे ऑटोक्लेव्ह असतो.

सुई कोरी असूनही रोग पसरू शकतो याचे पुरावे चांगले तपासलेले आहेत. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात 2000 साली दागिन्यांच्या एका टपरीवर कान टोचून घेतलेल्यांना स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग झाला. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या 186 टोचण्यांपैकी सात जणांचे निदान पक्के झाले आणि अठरा जण संशयित निघाले. चौघांना रुग्णालयात ठेवावे लागले, काहींच्या कानांचा आकार कायमचा बिघडला. जिवाणू सापडला तो जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत. ज्या बाटलीवर विसंबून टोचणे चालले होते तीच दूषित होती. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये 2011-12 मध्ये एकोणीस जणांच्या टॅटूवर पुरळ उठले. क्षयाच्या जिवाणूच्या दूरच्या नात्यातला एक जिवाणू त्याला कारण होता, आणि तो आला होता आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून, म्हणजे स्टुडिओत पोचण्याआधीच. या दोन घटनांतून नियमनाची रचना कशी असावी ते दिसते. एक दोष कामाच्या जागेवरचा होता, तिथे नजर ठेवायला स्थानिक यंत्रणा लागते. दुसरा मालातला होता, आणि तो पकडायला राज्याची व केंद्राची औषध यंत्रणा हवी. दोन्ही कामे एकाच्या गळ्यात टाकली तर कोणतेच होत नाही.

शाईच्या बाबतीत कायदा आहे, तो वापरला जात नाही एवढेच. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 मध्ये सौंदर्यप्रसाधनाची जी व्याख्या आहे तिच्यात शरीराला चोळायच्या, शिंपडायच्या वस्तूंबरोबर शरीरात घालायच्या वस्तूंचाही उल्लेख आहे. रूप बदलण्यासाठी कातडीत घातलेली शाई या व्याख्येत बसू नये असे काही मला दिसत नाही. 2025 च्या सुरुवातीला कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी टॅटूच्या शाईच्या नमुन्यांत 22 धातू आढळल्याचे सांगितले आणि केंद्राने मानके ठरवावीत अशी मागणी केली. युरोपीय संघाने 4 जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. हे काम महापालिकेच्या आवाक्यातले नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. पण शाईच्या बाटलीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आहे की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

कचऱ्याची गोष्ट याहून विचित्र आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी टोकदार वस्तूंसाठी पांढरा, न भोसकला जाणारा, न गळणारा डबा सांगितला आहे. पण त्या नियमांतला कचरा म्हणजे निदान, उपचार, लसीकरण आणि संशोधन यांतून निघणारा. टॅटू यांपैकी काहीच नाही. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुयांचा उल्लेख आहे, पण तो घरगुती घातक कचऱ्यात. स्टुडिओ घर नाही आणि दवाखानाही नाही. त्यामुळे रक्ताने माखलेली तीच सुई दवाखान्यात निघाली तर तिच्यासाठी वेगळी गाडी येते, आणि स्टुडिओत निघाली तर कागदावर तिला जागाच नाही. ती साध्या कचऱ्यात जाते, आणि त्या गाडीचा मुक्काम भांडेवाडीचा कचरा डेपो. वाटेत ती ज्यांच्या हाताला टोचेल त्या सफाई कामगारांनी आणि कचरा वेचणाऱ्या बायांनी टॅटू काढून घेतलेला नसतो. टॅटू ही ज्याची त्याची हौस आहे, सरकारने त्यात पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी या हातांचा विचार करावा. हौस करणाऱ्याने पत्करलेली जोखीम त्याच्यापुरती राहत नाही, हेच नियमनाचे पहिले कारण आहे.

दुसरे कारण रक्तपेढीचे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टॅटू काढलेल्या किंवा शरीर टोचून घेतलेल्या व्यक्तीला बारा महिने रक्त देता येत नाही. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यांतल्या अनेकांना वारंवार रक्त लागते, आणि महाविद्यालयांतल्या शिबिरांत रक्त देण्याच्या वयाची माणसे तीच, जी टॅटू काढून घेतात. सुरक्षित कामाची खात्री नसल्याने रक्तपेढीने सरसकट सगळ्यांना थांबवले तर तिचा दोष नाही. पण सरकारी व्यवस्थेचा एक हात या कामाला धोक्याचे म्हणून नोंदवतो आणि दुसरा त्याला साधे दुकान समजतो, ही विसंगती खरी आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत तर गोंदण कोणत्या हातावर आणि केवढे चालेल याचेही नियम आहेत. ज्या सुईने ते काढले तिच्याविषयी मात्र अवाक्षर नाही.

महापालिकेला अधिकार कुठून येतो? 2012 पर्यंत नागपूरला 1948 चा स्वतंत्र महानगरपालिका अधिनियम होता, आता राज्यातल्या इतर शहरांप्रमाणे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 376 नुसार काही व्यवसाय आयुक्तांच्या परवान्याशिवाय चालवता येत नाहीत, आणि त्यांत जीविताला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोकादायक असल्याचे आयुक्तांचे मत झालेले व्यवसायही येतात. हे शब्द टॅटूसाठी लिहिलेले नाहीत, पण त्यात तो सहज बसतो. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या परवान्याचाच मार्ग धरला गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1982 च्या कायद्यापासून टॅटू आणि कान टोचण्याच्या नोंदणीचे काम स्थानिक परिषदांकडे आहे. वेल्सने 29 नोव्हेंबर 2024 पासून त्याच्या पुढचे पाऊल टाकले: जागेला वेगळे प्रमाणपत्र आणि काम करणाऱ्या माणसाला वेगळा परवाना, तोही संसर्ग टाळण्याचे शिक्षण घेतल्यावरच. ही विभागणी आपण उचलण्यासारखी आहे. चांगल्या फरशीच्या दुकानात अडाणी हात असू शकतो, आणि जत्रेतल्या ताडपत्रीखालीही काटेकोर काम होऊ शकते.

जत्रेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. गोंदण आपल्याकडे शेकडो वर्षांचे आहे, आज्या-पणज्यांनी कपाळावर, हातावर गोंदून घेतले, कोणाला काय झाले, असे विचारले जाते. परंपरा जुनी आहे यात शंका नाही. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात, आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी होते, गोंडांतल्या ओझा समाजाच्या बायका गोंदण्याचे काम करत असल्याची नोंद आहे. पण ‘काही झाले नाही’ हे कळणार कसे? हिपॅटायटिस बी शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागतात, पुष्कळदा लक्षणे दिसतच नाहीत, आणि यकृत निकामी व्हायला दशके जातात. हा विषाणू ओळखला गेला तोच 1960 च्या दशकात. ज्या काळात रोगाला नाव नव्हते त्या काळात तो गोंदणातून झाला की नाही हे कोणी मोजले नसणारच. शिवाय हाताने दोन ठिपके टोचणे आणि यंत्राने पाठभर चित्र काढणे यांत टोचण्यांची संख्या आणि शाईचे प्रमाण यांची तुलनाच होऊ शकत नाही. परंपरेचा मान राखायचा तर तिचे काम करणाऱ्यांना सुरक्षित साधने मिळवून द्यावीत. तिचे नाव पुढे करून डोळेझाक करणे तिलाच घातक आहे.

दुसरे टोक बंदीचे. रस्त्यावरचे सगळे उठवा, टॅटू फक्त डॉक्टरांनी काढावा, असे सुचवणारेही असतात. याचा निकाल जगाने लावलेला आहे. न्यूयॉर्क शहराने हिपॅटायटिस बीच्या रुग्णांचे कारण देऊन 1961 मध्ये टॅटूवर बंदी घातली आणि ती 1997 पर्यंत ठेवली. या 36 वर्षांत टॅटू थांबले नाहीत, ते घरांच्या खोल्यांत आणि तळघरांत गेले, जिथे तपासणीस पोचत नाही. दक्षिण कोरियात 1992 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टॅटू हे वैद्यकीय कृत्य ठरले. परिणाम असा की जवळजवळ सगळा व्यवसाय बेकायदा चालू राहिला, आणि अखेर सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या संसदेला डॉक्टर नसलेल्यांना परवाना देणारा कायदा करावा लागला. लपलेल्या धंद्यात ऑटोक्लेव्ह कोणी विकत घेत नाही, कारण पकडले गेल्यावर तो आणखी एक पुरावा ठरतो.

तिसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. महापालिकेकडे माणसे कुठे आहेत, आणि नवा परवाना म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी होणार नाही का? नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत, स्वच्छता निरीक्षक आहेत, थुंकणाऱ्याला आणि कचरा टाकणाऱ्याला दंड करणारे उपद्रव शोध पथक आहे. पण त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा आहे हे खरे. म्हणून परवान्याच्या अटी अशा असाव्यात की त्यांत निरीक्षकाच्या मर्जीला जागाच राहू नये. ‘परिसर समाधानकारकरीत्या स्वच्छ’ हे वाक्य भ्रष्टाचाराला आमंत्रण देते, कारण समाधान कोणाचे हे कुठे लिहिलेले नसते. त्याऐवजी मोजता किंवा दाखवता येईल असेच विचारावे: सुई आणि नळी बंद पाकिटातली, एकदाच वापरायची. शाई लहान टोपणात काढलेली, उरलेली फेकून दिलेली. ऑटोक्लेव्ह असेल तर प्रत्येक फेरीच्या रंग बदललेल्या पट्ट्या वहीत चिकटवलेल्या. पांढरा डबा आणि जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या यंत्रणेची पावती. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रांचे प्रमाणपत्र. हे सगळे परवान्यावरच छापून दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर लावले तर तपासणीचे निम्मे काम गिऱ्हाईकच करील. आज त्याला एकच प्रश्न ठाऊक आहे, त्याचे चार-पाच होतील. गिऱ्हाइकांची नोंदवही निदान एक वर्ष ठेवावी. रोग उगवायला सहा महिने लागत असतील तर महिन्याभरात फाडलेली वही शोध घेणाऱ्या डॉक्टरच्या काय कामाची?

आणि टोचणाऱ्यांना यातून वगळू नये. टॅटू म्हटला की डोळ्यांसमोर तरुण मुले येतात, पण नागपुरात सर्वांत जास्त टोचले जातात ते तान्ह्या बाळांचे कान, आणि ते इतवारीच्या सराफ्यात किंवा ब्युटी पार्लरमध्ये. सोनाराची तार बारीक आणि टोकदार असते, ती तापवून आणि निर्जंतुक करून वापरली तर पाळीच्या मऊ भागाला फारशी इजा होत नाही. पार्लरमधली बंदूक आधुनिक दिसते, पण तिचा प्लॅस्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये वितळतो, आणि ती बोथट टोकाची डूल स्प्रिंगच्या जोरावर आरपार दाबते. कानाच्या वरच्या कुर्चेत आणि नाकपुडीच्या कडक भागात हा दाब धोक्याचा, कारण कुर्चेला रक्तपुरवठा कमी, आणि तिथे पू धरला की ती विरघळते. ऑरेगॉनमधल्या पक्क्या निदानाच्या सगळ्या मुलांचे कान अशाच बंदुकीने टोचलेले होते. कुर्चेसाठी बंदूक बंद, ही एक ओळ परवान्याच्या अटींत आली तरी पुष्कळ कान वाचतील. जुनी रीत मागास आणि नवे यंत्र सुरक्षित हे गृहीतक इथे उलटे पडते, म्हणून परवान्याने यंत्राचा रुबाब पाहू नये.

शुल्क किती असावे, हा प्रश्न बारीक वाटतो पण योजना तरते की बुडते ते त्यावर ठरेल. हजारोंचे शुल्क ठेवले तर धरमपेठेतले चार स्टुडिओ ते भरतील आणि बाकीचे अंधारात जातील, म्हणजे न्यूयॉर्कचीच लहान आवृत्ती. नाममात्र शुल्क आणि इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले मेयो, किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे मेडिकल, इथे एक दिवसाचे प्रशिक्षण असावे, तिथेच लसीची पहिली मात्रा द्यावी. फिरत्या कारागिरांसाठी तात्पुरती परवानगी असावी. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्या गर्दीत मनगटावर ‘जय भीम’ गोंदून घेणारेही असतात. ती अक्षरे त्यांच्यासाठी नुसती नक्षी नसतात, म्हणून ती काढून घेताना रोग मिळू नये ही जबाबदारी जास्तच मोठी आहे. महापालिका तिथे पाणी, शौचालये आणि दवाखान्याचे तंबू उभारतेच. त्यांच्या शेजारी गोंदणाऱ्यांसाठी एक रांग आखावी, बसण्यापूर्वी प्रत्येकाला सीलबंद सुया, हातमोजे, शाईची टोपणे आणि पांढरा डबा मोजून द्यावा, ऑटोक्लेव्ह नसलेल्याला पुन्हा वापरायचे काहीही जवळ ठेवू देऊ नये, आणि संध्याकाळी उठताना दिलेल्या सुया डब्यात भरल्या का ते मोजून घ्यावे.